खाडीतले अग्निपंख

नरसी नामदेव गावची कयाधू नदी पावसावर फुगते नि आटते. भरती-ओहोटी तिला ठाऊक नाही. होडीत बसून कांदळवनातले पक्षी पाहायचे, तर मराठवाड्यातल्या हौशी मंडळींना ठाणे खाडीच गाठावी लागते.

ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्राकडून बोट निघते. दोन्ही काठांना तिवरांची दाटी, चिखलातून वर आलेली त्यांची श्वासमुळं, मध्येच एखादा खंड्या. पण शनिवार-रविवारची गर्दी होते ती रोहित, म्हणजेच अग्निपंख किंवा फ्लेमिंगोंसाठी. हा पक्षी चोच उलटी धरून पाणी गाळतो. धाकट्या रोहितचं मुख्य अन्न सूक्ष्म निळं-हिरवं शेवाळ. त्यातल्याच रंगद्रव्यांनी पिसं गुलाबी होतात.

2015 मध्ये इथं फ्लेमिंगो अभयारण्य झालं आणि 2022 मध्ये खाडी पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेली. नांदूर मधमेश्वर आणि लोणारनंतरचं हे राज्यातलं तिसरं रामसर स्थळ. महानगराच्या कुशीत हे टिकलं, हेच विशेष!

निघण्याआधी भरतीची वेळ जरूर पाहावी. ओहोटीला बोट अडते, तर पूर्ण भरतीत चिखलपट्टे बुडून पक्षी पांगतात. हिवाळा ते मे हा हंगाम. दुर्बीण न्यावी, बोटीचं आरक्षण आधीच करावं.