अंगावर काढलेली दुखणी



बैलाने वैरण सोडली, तर आपला शेतकरी त्याच दिवशी गुरांचा डॉक्टर आणतो. स्वतःचे डोके महिनाभर गरगरत असले, तरी ‘कापूस खामगावच्या बाजारात गेला की बघू’ म्हणतो. दुखणे अंगावर काढणे यातच आपण पुरुषार्थ मानला. रक्तदाब तर दुखतही नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील शंभर प्रौढ पुरुषांपैकी २४ जण वाढलेल्या रक्तदाबाचे अथवा त्यावर औषध घेणारे आढळले.

उपकेंद्रातील परिचारिका तिशीपुढील कोणाचाही रक्तदाब व साखर विनामूल्य तपासते. पण ते दार बाळंतिणींचे, अशी आपली समजूत! अर्धांगवायूने आडवे झाल्यावर मात्र रात्री कूस बदलणारी, पाठीला जखमा होऊ न देणारी तीच. १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णसेवा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या. त्यांच्या तसबिरीस आपण हार घालतो, आणि परिचारिकेचे स्थळ आले की रात्रपाळीचे निमित्त करून पत्रिका परत करतो.

पुढील संमेलनाच्या मंडपातच प्रत्येकाचा रक्तदाब मोजविण्याची व्यवस्था मंडळाने करावी, आणि वधूवरनोंदीत ‘परिचारिका’ हा शब्द दिसताच कोणी पान उलटू नये, एवढी विनंती आहे.