बंदराचे पाहुणे

कोल्हापूरच्या माणसाने समुद्रावर बोलावे, हे तुम्हांला थोडे चमत्कारिक वाटेल. आपले पाणी म्हणजे रंकाळा आणि पंचगंगा. त्यातही पंचगंगा अशी की, सरळ रेषेत शंभर किलोमीटरांच्या आत अरबी समुद्र असताना ती त्याच्याकडे पाठ फिरवते, नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते आणि सारे दख्खन ओलांडून बंगालच्या उपसागराला जाते. आपणही बहुधा आपल्या नदीसारखेच. समुद्र म्हटला की आपल्याला सुट्टी आठवते, मासळी आठवते. बंदर काही आठवत नाही.

पण हे नेहमी असे नव्हते बरं का! गगनबावड्याचा घाट उतरला की खाली खारेपाटण लागते. तिथे सापडलेला शिलाहार राजा रट्टराज याचा ताम्रपट शके ९३० चा, म्हणजे इसवी सन १००८ चा आहे. हे गाव वाघोटणच्या खाडीवर, समुद्रापासून चांगले आत; तरी एके काळी गलबते तिथवर येत. त्या खाडीच्या मुखाशी विजयदुर्ग. आणखी दक्षिणेला मालवण, सिंधुदुर्ग. तो तर कोल्हापूरच्या राज्याचाच भाग होता. १७६५ साली इंग्रजांनी सिंधुदुर्ग घेऊन त्याला फोर्ट ऑगस्टस असे नाव दिले, पण लवकरच तह करून तो कोल्हापूरच्या जिजाबाईंना परत केला. पुढे १८१२ च्या तहाने मालवण इंग्रजांकडे गेले, आणि करवीरचा समुद्र सुटला तो सुटलाच.

माझ्या घरात मात्र समुद्राचा एक धागा शिल्लक राहिला होता. माझी आजी माहेरची मालवणची. लग्न होऊन फोंडा घाट चढून ती कोल्हापुरात आली. पण पेठेतल्या घरात जात्यापाशी बसून ती मधूनच म्हणे, ‘आज अष्टमी, सहाला भरती. आता पाणी धक्क्याला लागलं असेल.’ हिशेब सोपा आहे. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. अष्टमीची पाऊणपट सहा. म्हणून सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटे पुढे सरकते, त्याचेच हे ओबडधोबड गणित. लहानपणी मी ते पाढ्यांसारखे पाठ केले होते. पाठ केलेले ज्ञान वेळेवर आठवतेच असे नाही, हे मी वर्गात मुलांना सांगत असतो. पण त्याचा पुरावा मला समुद्रावर मिळाला. तीच गोष्ट आज सांगायची आहे.

तीन वर्षांपूर्वी माझ्या एका कॉलेजमित्राने शिडाची छोटी नौका घेतली. इंग्रजीत यॉट म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कुणा धनिकाचा पांढराशुभ्र महाल तरंगू लागतो. ही तशी नव्हती. तिघे जण दाटीवाटीने झोपतील एवढीच जागा, एक डोलकाठी, दोन शिडे, आणि तळाला पाण्यात खोल उतरलेला एक जड पाटा; तो नौकेला उलटू देत नाही. बरोबर एक वयस्क तांडेल होता. त्याला आम्ही ‘आबा’ म्हणत होतो आणि तो मला ‘मास्तर’ म्हणत होता. फेब्रुवारीत आम्ही रत्नागिरीहून निघालो. जायचे होते मालवणला.

या मोसमात कोकणचा वारा घड्याळासारखा चालतो. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहतो. नऊ-दहाच्या सुमारास तो पडतो, शिडे लोंबू लागतात. दुपारी वायव्येकडून समुद्रावरचा खारा वारा उठतो आणि तो संध्याकाळपर्यंत टिकतो. म्हणून दक्षिणेला जाणे सुखाचे, आणि उत्तरेला परतणे कष्टाचे; वारा अगदी तोंडावर असतो. पहिल्या दिवशी पूर्णगड मागे टाकून, जैतापूरच्या खाडीचे मुख ओलांडून आम्ही दिवेलागणीला विजयदुर्गात शिरलो. इतके सरळ बंदर क्वचितच असेल. मुखाशी वाळूचा दांडा नाही, आत खोल पाणी, आणि नैर्ऋत्येचा मारा अडवायला खुद्द किल्ल्याची टेकडी उभी. आंग्र्यांनी हेच ठाणे का निवडले, हे पुस्तकात वाचण्यापेक्षा तिथे नांगर टाकून रात्रभर शांत झोपल्यावर जास्त चांगले समजते.

पण सगळ्या खाड्या अशा नसतात. बहुतेकांच्या मुखाशी नदीने आणलेली आणि लाटांनी अडवलेली वाळू साचते. भरतीला तिच्यावर पुरेसे पाणी असते, ओहोटीला नसते. मुंबईला उधाणाच्या वेळी भरती-ओहोटीतला फरक साडेचार-पाच मीटरांपर्यंत जातो. गोव्याकडे तो दोन मीटरांच्या आसपास येतो. म्हणजे दक्षिणेला जावे तसे समुद्र तुम्हांला माफीही कमीच देतो: पाण्याचा प्रत्येक वीतभर हिशेब ठेवावा लागतो.

दुसऱ्या दिवशी आम्हांला उशीर झाला. देवगड सोडून आम्ही पुढे आलो होतो. वाटेत एक लहान खाडी होती. तिचे नाव मी सांगत नाही, कारण जे घडले त्यात तिचा काही दोष नव्हता. सूर्य बुडत होता, वारा वाढत होता, आणि आत गावातले दिवे दिसू लागले होते. मित्र म्हणाला, ‘आत जाऊ.’ मीही म्हणालो, ‘आत जाऊ.’ मला तर परवा सकाळी कॉलेजात तास होता. आबा एवढेच म्हणाले, ‘मास्तरांनू, दर्याक घाई कळना नाय. भायरच नांगर टाकूया.’ पण नौका मित्राची होती, आणि शिकलेली माणसे आम्ही दोघे होतो.

त्या दिवशी कृष्ण पंचमी होती. पाचाची पाऊणपट पावणेचार. आम्ही मुखाशी आलो साडेसहाला. भरती होऊन पावणेतीन तास उलटून गेले होते! आजीचे गणित मला येत होते. करायचे तेवढे राहिले.

नौकेचा पाटा वाळूला लागला, तो आवाज मोठा नव्हता. जमिनीवर पाटी घासावी तसा. पण मागून येणाऱ्या लाटेने नौका उचलली आणि आपटली. मग दुसऱ्या लाटेने. पाणी तर दर मिनिटाला कमीच होत होते. पुन्हा पुरेसे पाणी यायला रात्रीचा एक वाजला असता, आणि तोवर नौकेच्या फळ्या तशा आपटत राहिल्या असत्या. मित्राचा चेहरा मला अजून आठवतो. मी तर पोहायला शिकलो ते कळंब्याच्या तळ्यात. त्या अंधारात, त्या लाटांत मला त्याचा किती उपयोग झाला असता, देव जाणे.

तेवढ्यात खाडीतून एक मच्छीमारी होडी बाहेर पडत होती. रात्रीच्या जाळ्याला निघालेली. तिच्यात चौघे होते. त्यांनी आरडाओरडा केला नाही, उपदेशही केला नाही. दोर फेकला. आबांनी तो डोलकाठीच्या शेंड्याला बांधून घेतला. त्यांनी बाजूने ओढ देऊन नौका कलती केली, तसा तळाचा पाटा वाळूतून तिरका होऊन सुटला. मग दुसरा दोर नाळेला लावून त्यांनी आम्हांला खोल पाण्याकडे खेचले. अर्धा-पाऊण तास गेला. आम्ही सुटलो. पण तोवर दांड्यावरचे पाणी इतके उतरले होते की, त्यांची भरलेली होडीच आता बाहेर जाईना. त्यांनी मुकाट्याने ती परत फिरवली. आमच्या घाईपायी चार घरांची एका रात्रीची कमाई बुडाली.

आम्ही रात्रभर बाहेर नांगरून राहिलो. पहाटेच्या भरतीला आत गेलो आणि त्यांना शोधून पैसे पुढे केले. त्यांच्यातला थोरला म्हणाला, ‘पैशे नको. परत येशात तेव्हा पाणी बघून येवा.’

श्रोते हो, त्या वाक्याने मला विचारात टाकले. आज शिडाच्या नौकांचे दिवस आपल्याकडे पुन्हा येऊ लागले आहेत. आपल्या मराठी कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९ च्या ऑगस्टमध्ये मुंबई सोडली आणि २०१० च्या मे महिन्यात एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून ते परतले. असे करणारे ते पहिले भारतीय. त्यांची ‘म्हादेई’ गोव्यात बांधलेली होती, आणि तिचे नाव आपल्याच सह्याद्रीतून पश्चिमेला उतरणाऱ्या नदीचे. एवढ्या मोठ्या सफरीत ते चारच बंदरांत थांबले. पुढे २०१७-१८ मध्ये नौदलाच्या सहा स्त्री अधिकाऱ्यांनी ‘तारिणी’तून तशीच प्रदक्षिणा केली. ही उदाहरणे पाहून उद्या आपली तरुण मुले शिडे उभारतील, आणि उभारावीतच. प्रश्न असा की, ती आपल्या किनाऱ्यावर थांबतील कुठे?

परदेशाहून येणाऱ्या नौकेला कायद्याने जकात आणि पारपत्राची तपासणी असलेल्या बंदरातच आधी जावे लागते. कोचीला बोलघाटी बेटावर पाहुण्या नौकांसाठी खास धक्का आहे. आपल्या कोकणात मात्र बाणकोट, हर्णै, दाभोळ, जयगड, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी नावांची माळ मोठी, पण पाहुण्याला हक्काने दोर बांधता येईल अशी जागा शोधावी लागते. असलेला धक्का मच्छीमारांचा असतो. पहाटे तिथे मासळीच्या टोपल्या उतरतात. तिथे आपली नौका बांधून चहा पीत बसणे म्हणजे दुसऱ्याच्या दुकानाच्या दारात गाडी उभी करण्यासारखे आहे.

मग मोठमोठे बांधकाम करावे काय? मला तसे वाटत नाही. एकेका खाडीत धक्क्यापासून दूर दोन-तीन तरंगती पिंपे नांगरून ठेवावीत, त्यांना पाहुण्याने दोर बांधावा. गोड्या पाण्याचा एक नळ. मुखाशी वाट दाखवणारे दोन दिवे. आणि गावातला एक जाणता माणूस, जो ठरलेला मोबदला घेऊन पाहुण्याला आत आणील. मालवणच्या खडकांतून वाट काढायला तसा माणूस पूर्वीही लागे आणि आजही लागतो. यात गावाला चार पैसे मिळतील, आणि त्या रात्री आमच्यासारख्यांनी फुकट घेतले ते रीतसर दिले जाईल.

आसऱ्याचा प्रश्न काही नुसत्या हौशी लोकांचा नाही. १७ जुलै १९४७ रोजी, ऐन पावसाळ्यात, भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. आमची आजी त्यानंतर बोटीचे नाव निघाले की हात जोडी. पावसाळा तर सगळ्यांना ठाऊकच आहे. पण २००९ च्या नोव्हेंबरात, मोसम उघडल्यावर, ‘फयान’ वादळ आले आणि कोकणातले कितीतरी मच्छीमार परतले नाहीत. वादळाची सूचना मिळताच परप्रांतांच्या होड्यासुद्धा देवगडच्या खाडीत आसऱ्याला येतात. वादळात बंदर सगळ्यांचेच असते.

आणि त्या खाड्या उथळ होत चालल्या आहेत, हे विसरू नका. खारेपाटणला आज गलबत जात नाही. राजापूरची खाडी अशीच गाळाने भरली. मोठी जहाजे मग जैतापूरलाच थांबू लागली. घाटमाथ्यावर आणि उतारांवर रान तुटले की पावसाबरोबर माती खाली येते आणि बंदर बुजते. सह्याद्रीवरची कुऱ्हाड बंदरात जाऊन लागते. तेव्हा बंदराशी आपला काय संबंध, असे कोल्हापूरकराने म्हणू नये.

शेवटी आपल्याच मातीतला एक दाखला देतो. गगनबावड्याच्या अमात्यांच्या घराण्याचे मूळपुरुष रामचंद्रपंत यांचे ‘आज्ञापत्र’ तुम्हांला ऐकून माहीत असेल. करवीरच्या संभाजीराजांच्या काळात, अठराव्या शतकाच्या आरंभी, ते लिहिले गेले. त्यात आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. जहाजाच्या लाकडासाठी रयतेचे आंबे-फणस तोडू नयेत, जीर्ण झाड असेल तर धन्याला राजी करून, पैसे देऊन घ्यावे, असे त्यात बजावले आहे. पावसाळ्यात आरमाराची छावणी दरवर्षी एकाच बंदरात करू नये, असेही सांगितले आहे. कारण आरमाराच्या लोकांचा उपद्रव गावाला होतोच. समुद्रावर सत्ता हवी असलेल्या राज्यालासुद्धा बंदरात पाहुण्यासारखे वागावेसे वाटले. मग आपण तर हौसेने जाणारे!

त्या खाडीवर मी गेल्या वर्षी पुन्हा गेलो. एस.टी.ने गेलो, आणि बरोबर गुळाची एक ढेप नेली. पैसे नाकारणाऱ्या त्या गृहस्थांनी गूळ मात्र घेतला. ढेप हातात तोलत ते हसून म्हणाले, ‘पाणी बघून इलात मा?’ मी म्हणालो, ‘होय. आज दशमी, साडेसातला भरती.’

त्यांनी समुद्राकडे एकदा पाहिले आणि मान हलवली. गणित बरोबर होते.