नोंद सागराची, कसोटी अंत्योदयाची



सागराला ‘रत्नाकर’ म्हणणाऱ्या या देशाला २६ डिसेंबर २००४ रोजी त्याच सागराने कठोर पाठ दिला. सकाळी साडेसहाच्या सुमारास सुमात्रालगत भूकंप झाला. त्सुनामीच्या लाटा तमिळनाडूपर्यंत पोहोचण्यास दोन तासांहून अधिक काळ लागला. भूकंपमापकांनी हादरा टिपला होता. परंतु ती वार्ता किनाऱ्यावरील माणसाला सांगणारी यंत्रणा हिंदी महासागरात नव्हती. भारतात दहा हजारांहून अधिक जीव गेले.

त्यातून राष्ट्राने बोध घेतला. ऑक्टोबर २००७ मध्ये हैदराबाद येथे त्सुनामी पूर्वसूचना केंद्र उभे राहिले. आज ते शेजारी देशांनाही सूचना पुरविते. ही आपल्या शास्त्रज्ञांच्या तपश्चर्येची फलश्रुती होय.

तरीही २०१७ च्या नोव्हेंबरअखेर ‘ओखी’ चक्रीवादळ आले, तेव्हा दीर्घ मुक्कामाच्या मासेमारीसाठी आधीच खोल समुद्रात गेलेल्या नौकांपर्यंत इशारा पोहोचला नाही. काही नौकांना देवगड बंदराने आश्रय दिला; मात्र कन्याकुमारी आणि तिरुवनंतपुरम परिसरातील कित्येक कुटुंबांचे कर्ते पुरुष परतलेच नाहीत. २००४ मध्ये यंत्रणा नव्हती. २०१७ मध्ये यंत्रणा होती, पण तिचा शब्द शेवटच्या नौकेपर्यंत गेला नाही.

पंडित दीनदयाळजींनी सांगितलेल्या अंत्योदयाची कसोटी विज्ञानालाही लागू पडते. २०१९ मध्ये उपग्रहाद्वारे इशारा देणारे ‘जेमिनी’ उपकरण आले. परंतु तो संवाद एकेरी होता. पुढे ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे पंतप्रधानांच्या हस्ते एक लाख नौकांवर ट्रान्सपाँडर बसविण्याच्या योजनेचा प्रारंभ झाला. त्यातून दुहेरी संदेशवहन शक्य होते. दिशा योग्य आहे.

मात्र दुहेरी संवाद केवळ संकटकाळापुरता नसावा. समुद्रात तरंगणारे बोये वारा, लाटा, पाण्याचे तापमान मोजतात. त्यांच्या सावलीला मासे जमतात, म्हणून मच्छीमार तेथे जाळी टाकतात, नौका बांधतात आणि उपकरणे निकामी होतात. यात दुष्टावा नाही, अपरिचय आहे. आपल्याच जीविताचा पहारेकरी तो बोया आहे, हे कोळी बांधवाला त्याच्या बोलीत कोणी सांगितले काय? आणि पिढ्यान् पिढ्या वारा-पाणी वाचणाऱ्या त्या माणसाची निरीक्षणे शास्त्रज्ञाच्या वहीत, तेथून धोरणकर्त्याच्या मेजावर पोहोचतात काय? जो आकडा धोरणात उतरत नाही, तो दप्तरातच राहतो.

हे केवळ शासनाचे काम नव्हे. किनारपट्टीवरील कार्यकर्त्याने प्रत्येक कोळीवाड्यात जावे. इशारा वेळेवर मिळतो का, भाषा समजते का, उपकरण चालू आहे का, हे विचारावे. उणीव आढळल्यास मत्स्यव्यवसाय विभागाला लेखी कळवावे. शिवछत्रपतींनी आरमार उभारले ते किनाऱ्यावरील माणसांना सोबत घेऊन. आजचा सागरी पहाराही त्याच माणसांच्या भरवशावर उभा राहील.