पेन्सिलीचं लिखाण कच्चं नसतं

द्रोणागिरीच्या पावसात दप्तर भिजलं की जेल पेनानं लिहिलेला गृहपाठ निळ्या ओघळांत वाहून जातो. त्याच दप्तरातलं पेन्सिलीचं पान मात्र पंख्याखाली वाळवलं की सरळ वाचता येतं. तरी घरोघरी मुलांना बजावलं जातं: पेन्सिलीनं कच्चं लिही, मग पेनानं पक्कं कर.

श्रोतेहो, पेन्सिलीचं लिखाण कच्चं नसतं. तिच्या कांडीतलं ग्राफाइट म्हणजे शुद्ध कार्बन. तो पाण्यात विरघळत नाही, उन्हात विटत नाही. खोडरबरानं जातो, पण ते लिहिणाऱ्याच्या मर्जीनं, पावसाच्या नव्हे.

ही कांडी होते दिवाळीच्या शेवेसारखी. ग्राफाइटची पूड आणि चिकणमाती पाण्यात मळायची, साच्यातून बारीक लांब धार पाडायची, वाळवायची. शेव तळतात, ही भट्टीत सुमारे हजार अंशांवर भाजतात आणि मग मेणात बुडवतात. मोहन जास्त पडलं की शेव खुसखुशीत, कमी पडलं की कडक, तसंच इथंही. ग्राफाइट वाढवलं की 'बी'ची मऊ, काळी पेन्सिल. माती वाढवली की 'एच'ची कडक, फिकट. मधली आपली एचबी. युद्धामुळे इंग्लंडचं ग्राफाइट मिळेनासं झालं, तेव्हा १७९५ साली फ्रान्सच्या निकोला-जाक काँतेनं ही कृती बसवली. आजही तीच चालते.

आपल्याकडे मान पहिला शाईला. दांडेकरांच्या कॅम्लिननंही १९३१ साली सुरुवात शाईनंच केली.

पण कामाची माणसं पेन्सिल ओळखून आहेत. सुताराच्या कानामागे तीच असते, कारण भुशानं माखलेल्या फळीवर बॉलपेन अडतं. पाणजेच्या पाणथळीवर पक्षी पाहणाऱ्यांना दमट हवेत नोंदींसाठी तीच सोयीची. प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत स्पिरिटच्या बरणीत नमुन्याबरोबर चिठ्ठी टाकतात, तीही पेन्सिलीनं लिहिलेली. शाई स्पिरिटमध्ये उतरते. पुन्हा सांगायचं तर, जे टिकायला हवं ते तिथं पेन्सिलीनं लिहितात.

पेन्सिलीचं लाकूड पुरवणाऱ्या पुलवामातल्या उक्खू गावाबद्दलही बोलायचं होतं, पण घड्याळ पुढे सरकलं आहे. तेव्हा एवढंच. बोटभर उरलेली पेन्सिल फेकू नका, जुन्या स्केचपेनच्या टोपणात बसवा. आणि मुलांपुढे तिला कच्ची म्हणणं तेवढं सोडा.