एकच मंदी, वेगवेगळे आकडे



२०२०चा एप्रिल महिना आठवा. जगातल्या बहुतेक मोठ्या शहरांतली दुकाने, कारखाने, हॉटेले एकाच वेळी बंद होती. संकट एकच आणि महिनाही तोच. त्या महिन्याचे बेरोजगारीचे दर मात्र असे जाहीर झाले: अमेरिकेत १४.७ टक्के, जर्मनीत ५.८, जपानमध्ये २.६. आणि युरोपात कोरोनाचा पहिला मोठा तडाखा ज्या इटलीला बसला, तिथे पहिल्या अंदाजानुसार ६.३ टक्के, म्हणजे मार्चपेक्षाही कमी.

असे आकडे एका तक्त्यात मांडले की वाचणारा साहजिकच क्रम लावतो. अमेरिका कोसळली, जपान निभावून गेला, इटलीत तर सुधारणाच झाली, असे त्याला वाटते. मंदीच्या काळात असे तक्ते फार छापले जातात आणि त्यांच्या आधारे सरकारांची स्तुती-निंदाही होते. मला हे घातक वाटते. मंदी आली की काम सगळीकडेच बुडते. ते बुडालेले काम कोणाच्या नावावर मांडायचे, हे प्रत्येक देशाचे कायदे, रिवाज आणि तिथली गरिबी ठरवते, आणि बेरोजगारीचा दर त्यातून निघतो.

बेरोजगार कोणाला म्हणायचे याचा नियम बहुतेक देशांनी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेकडून घेतला आहे. १९८२ साली जिनिव्हात भरलेल्या श्रम-सांख्यिकी परिषदेत तो पक्का झाला. त्यात तीन अटी आहेत. पाहणीच्या आठवड्यात माणसाला काम नसले पाहिजे, मिळाले तर करायची त्याची तयारी पाहिजे, आणि आधीच्या काही आठवड्यांत त्याने काम शोधलेले पाहिजे. वाचायला सोप्या वाटणाऱ्या या अटी प्रत्यक्षात फार कडक आहेत. आठवड्यात एक तास जरी कोणी मोबदल्यासाठी काम केले, तरी तो रोजगारात धरला जातो. आणि ज्याच्या हाताला काम नाही, पण ज्याने कामाचा शोधही घेतला नाही, तो श्रमशक्तीच्या बाहेर जातो. दराच्या भागाकारात मग तो अंशातही येत नाही आणि छेदातही येत नाही.

इटलीतला चमत्कार इथेच उलगडतो. त्या एप्रिलमध्ये तिथे घराबाहेर पडायलाच बंदी होती. नोकरी गेलेला माणूस काम शोधायला जाणार कुठे? एका महिन्यात रोजगारातली माणसे सुमारे पावणेतीन लाखांनी घटली. बेरोजगारही जवळपास पाच लाखांनी घटले. आणि काम करतही नाहीत, शोधतही नाहीत, अशांची संख्या साडेसात लाखांच्या आसपास वाढली. दर खाली आला तो लोकांनी शोध थांबवल्यामुळे. त्यातच सरकारने मार्चपासून कामगार कपातीला मनाई केली होती आणि बंद पडलेल्या कामाचा पगार बऱ्याच अंशी सरकारी निधीतून दिला जात होता. एवढे सगळे ६.३ या एका आकड्यात दडलेले होते.

जपानची गोष्ट याच्याच जवळची आहे. त्या महिन्यात तिथे सुमारे ६० लाख लोक नोकरीवर होते, पण कामावर नव्हते. मालकाने त्यांना घरी बसवले होते, काढले नव्हते. नियमाप्रमाणे ते सगळे रोजगारात मोजले गेले.

अमेरिकेत मालकाचा रिवाज वेगळा आहे. काम थांबले की कामगाराला कमी करायचे आणि काम सुरू झाले की परत बोलवायचे. मधल्या काळात कामगार आपल्या राज्याकडून बेकारी विम्याचे पैसे घेतो. म्हणून फेब्रुवारीत ३.५ टक्के असलेला दर एप्रिलमध्ये १४.७ वर गेला. एका महिन्यात दोन कोटींहून अधिक नोकऱ्या गेल्या. १९४८पासूनच्या मासिक नोंदींत एवढा दर कधीच दिसला नव्हता. पण त्या बेरोजगारांत पाचपैकी जवळपास चार जण तात्पुरते कमी केलेले होते.

इथे अमेरिकेच्या श्रम-सांख्यिकी कार्यालयाचे एक वागणे सांगितले पाहिजे, कारण मला त्याचा मनापासून आदर वाटतो. पाहणीत अनेक घरी बसवलेल्या कामगारांची नोंद 'नोकरी आहे, पण गैरहजर' अशी झाली होती. ते खरे तर तात्पुरते बेरोजगार होते. कार्यालयाने दर जाहीर करतानाच सांगून टाकले की ही नोंद बरोबर झाली असती तर दर सुमारे पाच टक्क्यांनी जास्त, म्हणजे वीसच्या जवळ आला असता. तरीही जमा झालेल्या उत्तरांत फेरफार केला नाही. आकडा छापला आणि त्याच्या शेजारी त्याचा दोषही छापला.

आणि अमेरिकेबद्दल आणखी एक गोष्ट. मार्चअखेर झालेल्या कायद्याने प्रत्येक बेकारी भत्त्यावर आठवड्याला ६०० डॉलर जास्तीचे मिळू लागले आणि जुलैअखेरपर्यंत ते मिळत राहिले. शिवाय घरोघर सरकारी धनादेश गेले. त्यामुळे बेरोजगारीचा विक्रम झाला त्याच एप्रिलमध्ये अमेरिकी कुटुंबांच्या हाती पडणारे एकूण उत्पन्न उलट वाढले. दर सर्वात मोठा म्हणून हालही सर्वात मोठे, हे समीकरण तिथेच मोडते.

जर्मनीकडे जरा सविस्तर पाहू. तिथे 'कुर्त्सआर्बाइट' नावाची जुनी व्यवस्था आहे. कारखान्याच्या मालाची मागणी घटली की मालक कामगार काढत नाही, सगळ्यांचे तास कमी करतो. बुडालेल्या तासांच्या निव्वळ पगारापैकी ६० टक्के, आणि मुलेबाळे असतील तर ६७ टक्के, रोजगार विम्याच्या निधीतून भरून मिळतात. कामगार नोकरीतच राहतो. त्याचे कसब, त्याचा हजेरीच्या बोर्डावरचा नंबर, मुकादमाशी असलेली ओळख, सगळे शाबूत राहते. एप्रिल २०२०मध्ये असे सुमारे ६० लाख लोक होते, म्हणजे विम्याखालच्या नोकरदारांत सहापैकी एकाहून अधिक. यातला एकही त्या ५.८ टक्क्यांत नाही. आणि हा ५.८ टक्के दरसुद्धा रोजगार कार्यालयात नाव नोंदवलेल्यांचा आहे. त्या नोंदणीत आठवड्याला १५ तासांपेक्षा कमी काम करणाराही बेरोजगार म्हणून राहू शकतो. जिनिव्हाच्या नियमाने मोजलेला जर्मनीचा दर याहून बराच खाली आहे. एकाच देशाचे, एकाच महिन्याचे हे दोन दर, आणि तक्ता करणारा कोणता उचलतो यावर जर्मनीचा क्रमांक ठरतो.

या व्यवस्थेची खरी परीक्षा त्याआधीच्या मंदीत झाली होती. २००९मध्ये जर्मनीचे राष्ट्रीय उत्पन्न पाच टक्क्यांहून जास्त घसरले. अमेरिकेचे अडीच टक्क्यांच्या आसपास घसरले. अर्थशास्त्रात आर्थर ओकुन यांनी १९६२ साली मांडलेला एक ठोकताळा आहे, की उत्पादन घटले की बेरोजगारी ठराविक प्रमाणात वाढते. त्या हिशेबाने जर्मनीत हाहाकार व्हायला हवा होता. वार्षिक सरासरी पाहा: जर्मनीत ७.८ वरून ८.१, अमेरिकेत ५.८ वरून ९.३. जर्मनीतल्या कामगारांनी तेजीच्या दिवसांत जादा तास काम करून ते आपल्या खात्यावर जमा ठेवले होते. मंदीत ते तास वापरले गेले. १५ लाखांच्या आसपास लोक कमी तासांच्या योजनेत गेले. घाव सगळ्यांनी थोडा थोडा वाटून घेतला.

त्याच वर्षी स्पेनचे उत्पन्न चार टक्क्यांहून कमी घसरले, म्हणजे जर्मनीपेक्षा कमीच. तिथला दर मात्र ११.३ वरून १७.९ वर गेला आणि २०१३मध्ये २६ टक्क्यांवर पोचला. कारण तिथे नोकरदारांतला जवळपास तिसरा हिस्सा मुदतीच्या करारावर होता, आणि त्यातली बरीच तरुण मुले बांधकामावर होती. बांधकामाचा फुगा फुटला आणि करारांची मुदत संपली. अनेकांना तर नोटीसही द्यावी लागली नाही. कायम नोकरीतला बाप कामावर आणि मुलगा घरी, अशी घरे तिथे किती असतील याची कल्पना करा. स्पेनने मंदीचा भार तरुणांवर टाकला, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता आपल्या देशाकडे येतो.

२०१७पासून आपल्याकडे केंद्र सरकारची नियतकालिक श्रमशक्ती पाहणी होते. एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत, मागच्या आठवड्यातल्या कामावरून मोजला, तर शहरांतला बेरोजगारीचा दर २१ टक्क्यांच्या आसपास होता. आणि जुलै २०१९ ते जून २०२० या पूर्ण वर्षाचा, गाव-शहर मिळून, वर्षभराच्या कामावरून काढलेला दर होता ४.८ टक्के. त्याआधीच्या वर्षी तो ५.८ होता. लॉकडाऊनचे महिने ज्या वर्षात आले, त्या वर्षी देशातली बेरोजगारी एका टक्क्याने घटली, असे हा आकडा सांगतो. पाहणी तीच, विचारणारे तेच, फक्त मोजायची मुदत आणि व्याप्ती निराळी.

यात कोणी लबाडी केली असे मी म्हणत नाही. काय घडले ते पाहा. समजा, पुण्याच्या हॉटेलात वाढप्याचे काम करणारा मुलगा मराठवाड्यातल्या आपल्या गावी परतला. बापाच्या तीन एकरांवर आधीच तिघे राबतात. हा चौथा झाला. पीक तेवढेच, मजुरी कोणालाच नाही. पाहणीत तो घरच्या व्यवसायातला मदतनीस म्हणून रोजगारात मोजला गेला. त्याच अहवालात याची खूण दिसते. शेतीवरच्या लोकांचा वाटा ४२.५ वरून ४५.६ टक्के झाला, आणि घरच्या कामात बिनपगारी हातभार लावणाऱ्यांचा वाटा १३.३ वरून १५.९. एरवी सगळे जग शेतीतून बाहेर पडण्याला प्रगती म्हणते, आणि आपण त्या वर्षी मागे वळलो. २०१३ साली जिनिव्हात नियम सुधारले गेले, तेव्हापासून फक्त स्वतःच्या खाण्यापुरते पिकवणे हा रोजगार धरला जात नाही. आपल्या पाहणीत मात्र तो धरला जातो. म्हणून आपला ४.८ आणि दुसऱ्या कुठल्या देशाचा ४.८ शेजारी ठेवू नयेत.

ज्याला घरी बसून परवडते तोच बेरोजगार राहू शकतो. पाठीशी विमा नाही, साठवलेले नाही, तो पडेल ते काम करतो आणि रोजगारात मोजला जातो. आणि जो रस्त्यावर होता, तो कोणत्या रकान्यात? पाहणी घरांत जाऊन होते. मे २०२०मध्ये मुंबईहून, भिवंडीहून, सुरतेहून माणसे चालत निघाली होती. जालन्याच्या पोलाद कारखान्यातले मजूर मध्य प्रदेशातल्या आपल्या घरी जाण्यासाठी रुळांवरून चालत निघाले, आणि ८ मेच्या पहाटे औरंगाबादजवळ करमाडपाशी त्यांतले १६ जण मालगाडीखाली गेले. त्यांचे काम गेले होते, हे देशाच्या कुठल्याही दरात उमटलेले नाही.

आपल्याकडच्या अर्थतज्ज्ञांना हा पेच फार पूर्वी कळला होता. मुंबई विद्यापीठातले प्रा. दांतवाला यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने १९७० सालीच सांगितले की, जिथे बहुसंख्य लोक पगारदार नसून स्वतःच्या शेतात वा धंद्यात राबतात, तिथे बेरोजगारीचा एकच आकडा काढण्यात अर्थ नाही. आपल्या पाहण्यांत वर्षाचा, आठवड्याचा असे वेगवेगळे दर आले ते त्याच विचारातून.

आणि महाराष्ट्राने तर मोजण्याची एक निराळीच रीत दाखवली. १९७२-७३च्या दुष्काळात गावोगाव कामे काढली गेली, आणि १९७३च्या उन्हाळ्यात त्या कामांवर ५० लाखांच्या जवळपास माणसे हजर होती. वि. स. पागे यांच्या प्रयत्नांतून रोजगार हमी योजना उभी राहिली आणि १९७९पासून तिचा कायदा अंमलात आला. मागेल त्याला काम, असे म्हटले की मस्टरवरची हजेरीच दुःखाचे माप होते. भर उन्हात खडी फोडायला कोणी हौसेने येत नाही. हीच कल्पना पुढे २००५च्या केंद्रीय कायद्यात गेली. त्या मस्टरवर २०२०-२१ साल कसे दिसते? आदल्या वर्षी देशभर २६५ कोटी मनुष्यदिवस काम झाले होते. त्या वर्षी ३८९ कोटी झाले. साडेसात कोटी कुटुंबांतली माणसे कामाला आली. श्रमशक्ती पाहणीचा वार्षिक दर तेव्हा आणखी उतरून ४.२ झाला होता.

एप्रिल २०२५पासून आपल्याकडे बेरोजगारीचा दर दर महिन्याला जाहीर होऊ लागला आहे. त्या पहिल्या महिन्याचा ५.१ टक्के होता. ही चांगली सुधारणा आहे, कारण पुढच्या मंदीत वर्षभर वाट पाहावी लागणार नाही. पण मोजणीचा नियम अजून आठवड्यात एका तासाचाच आहे. पाहणीत प्रत्येकाला रोज किती तास काम केले हेही विचारतात, आणि घरच्या धंद्यात बिनपगारी राबणाऱ्यांची नोंदही घेतात. म्हणून माझी मागणी आहे की दर महिन्याच्या पत्रकात, पहिल्याच पानावर, दराच्या शेजारी हे दोन आकडे छापावेत, आणि वर्तमानपत्रांनी व आकाशवाणीने बातमीत ते दराइतक्याच ठळकपणे सांगावेत.