नीटनंतरची एक वाट



माझ्या खालाच्या मुलीला नीटमध्ये मार्क कमी पडले, तेव्हा मीच तिला म्हणालो, "कॉम्प्युटरला ये." इंजिनिअरला दुसरं काय सुचणार! तिने बीएस्सी न्यूक्लिअर मेडिसिन टेक्नॉलॉजी निवडलं. घरात एकच धास्ती: किरणं लागतील, मग लग्नाचं काय?

परवा तिनेच मला समजावलं. पेट स्कॅनसाठी लागणारं फ्लोरीन-१८ दर ११० मिनिटांनी निम्मं होतं. सायक्लोट्रॉनहून निघालेली गाडी ट्रॅफिकमध्ये अडकली, की औषध रस्त्यातच कमी होत जातं. मग पेशंटच्या वेळा, डोसचं गणित, शिशाच्या आडोशामागे सिरिंज भरणं, हे सगळं टेक्नॉलॉजिस्टच्या अंगावर. छातीवर टीएलडी बॅज. किती किरणं लागली ते त्यावरून मोजतात. मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट.

खालाला आकडे नको होते. तिने बॅज हातात घेऊन उलटसुलट पाहिला, मग म्हणाली, "रोज लावतेस ना?"

परळला भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून आहे. बीएस्सीनंतर तिथे पुढे शिकण्याची सोय आहे. कॉलेज निवडताना फी नंतर विचारा. आधी विचारा, गॅमा कॅमेरा तुमच्याच हॉस्पिटलात आहे का, आणि एईआरबीचा परवाना दाखवाल का?