रमजानच्या महिन्यात वाट काढताना
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



स्वयंपाकावर बोला, असे मला सुचवण्यात आले होते. पण तो तुम्ही सगळ्या माझ्याहून बरा करता. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तरी मुंबईत डोंगरीला बारा वर्षे संसार केला, आणि रोज्यांच्या दिवसांत तिथल्या रस्त्यांतून वाट कशी काढावी ते शिकले. आपल्यापैकी पुष्कळांची मुले मुंबईला आहेत, काहींची आखातात आहेत, आणि दुखण्याखुपण्यासाठी मुंबई कोणाला चुकली आहे? म्हणून त्याविषयीच चार शब्द सांगते.

डोंगरी, भेंडी बाजार, महंमद अली रोड हा सगळा भाग एरवीही गजबजलेलाच. रमजानात दुपार कलली, की फळांच्या गाड्या, खजुराचे ढीग, भजी-समोशांच्या कढया रस्त्यावर येतात. ज्याला त्याला सूर्य मावळायच्या आत घरी पोचायचे असते. त्यात कचेऱ्या सुटतात. हातगाडी, बस, टॅक्सी सगळे एकमेकांत अडकते. वरून उड्डाणपूल गेला आहे, २००२ साली झाला. त्याला कुतुब-ए-कोकण मखदूम अली माहिमी यांचे नाव आहे. आपल्या कोकणाचे नाव तिथे वाचून मला बरे वाटे. पण जे. जे. रुग्णालयापाशी त्याच्यावर चढले की क्रॉफर्ड मार्केटपलीकडेच उतरायचे. आम्हा डोंगरीकरांना त्याचा उपयोग शून्य.

२००९ साली माझ्या सासूबाईंना आठवड्यातून तीनदा परळला डायलिसिसला न्यावे लागे. जाताना त्या कशाबशा आगगाडीने येत. परतताना मात्र स्टेशनचा जिना चढण्याचे त्राण त्यांच्यात नसे. टॅक्सीच करावी लागे. त्या वर्षी चतुर्थी आणि रोजे एकाच सुमारास सुरू झाले, म्हणजे गर्दीला पारावार नाही. गावी गणपतीला जाणे तर राहिलेच. साडेपाचला परळहून निघालो, की भायखळ्यापुढे गाडी मुंगीच्या पावलाने चाले. दीड दीड तास त्या मागच्या सीटवर मान टाकून पडत. एकदा तर त्यांना गाडीतच उलट्या झाल्या, रक्तदाब उतरला, आणि मागेही जाता येईना नि पुढेही. त्या दिवशी मी खरोखर भ्याले.

आमच्या शेजारी राजापूरकडच्या एक कोकणी मुसलमान बाई राहत. त्यांना मी खाला म्हणे. त्यांनी ऐकून घेतले आणि आपल्या घरातले एक छापील वेळापत्रक मला आणून दिले. रोजा धरण्याची आणि सोडण्याची रोजची वेळ त्यात असते. दुकानदार ही पत्रके फुकट वाटतात. खाला म्हणाल्या, ह्या वेळेच्या आधीचे दोन तास रस्त्यावर पाऊल टाकू नकोस. अजान झाली, की अर्धा तास रस्ता तुझा. मी ते पत्रक कालनिर्णयाशेजारी टांगले. सासूबाईंनी पाहिले मात्र, म्हणाल्या, "गणपती येवचे दिस, आणि भिंतीर ह्या कशाक गो?" मी म्हटले, "तुमच्या टॅक्सीसाठी हो, आई."

खालाच्या शब्दाचा पडताळा पहिल्याच खेपेस आला. डायलिसिस झाल्यावर तासभर आम्ही रुग्णालयातच बाकावर बसलो. सासूबाई आडव्या झाल्या, थोडे खाल्ले. खालांच्या ओळखीचा टॅक्सीवाला फाटकाशी गाडी लावून तिथेच खजूर-पाणी घेई. त्याचे आटोपले, की निघायचे. पंचवीस मिनिटांत घर! रस्त्यावर चिटपाखरू नाही म्हटले तरी चालेल. आठ वाजायला आले, की रात्रीच्या नमाजाची आणि मिनारा मशिदीकडे मालपुवा, फिरनी खायला येणाऱ्यांची गर्दी पुन्हा सुरू होई. आमचे हे म्हणत, एकूण वेळ तेवढाच गेला की. पुरुषांचा हिशेब हा असा! बाकावर पंख्याखाली पडणे आणि धुरात अडकून पडणे एकच का?

एवढे मात्र लक्षात ठेवा, की सूर्य मावळताना टॅक्सीवाल्याला घाई करू नये. पहाटेपासून त्याच्या पोटात पाण्याचा थेंब नसतो. सासूबाईंनाही पाणी मोजून मिळे. एकदा त्याला पाणी पिताना पाहून त्या म्हणाल्या, "पी बाबा सावकाश. माजोय रोजोच आसा." तो हसला, आणि पुढे कधी त्याने वरचे पैसे घेतले नाहीत.

वेळापत्रक मात्र दर वर्षी नवे घ्यावे. त्यांचे वर्ष चंद्राचे, आणि आपल्यासारखा अधिक महिना त्यात नाही; म्हणून रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि सुमारे ३३ वर्षांनी फिरून त्याच ऋतूत येतो. २०१० साली ११ सप्टेंबरला चतुर्थी आणि ईद एकाच दिवशी आली होती. २०३० साली तर जानेवारीत एकदा आणि डिसेंबरअखेर पुन्हा, असे दोनदा रोजे सुरू होतील. एका महिन्यातही वेळ हलते: २००९ साली पहिल्या रोज्याला मुंबईत सूर्य सातच्या सुमारास मावळे, ईदेच्या वेळी साडेसहाला. थंडीत तो सहा-सव्वासहालाच मावळतो, म्हणजे ऐन कचेरी सुटण्याच्या वेळेला. ज्यांच्या लेकी-सुना मुंबईत नोकरीला आहेत त्यांनी हे ध्यानात घ्यावे. आगगाडीला रस्त्याची अडचण नसते, पण बायकांच्या डब्यात त्या वेळी रोजा सोडणारी कोणी उभी असेल, तर पाच मिनिटे तिला टेकायला द्यावे. खजूर आपल्याही हातावर येतो!

माझा भाचा शारजाला राहून दुबईला कामावर जातो. तिथे रमजानात कायद्यानेच सगळ्या कामगारांचे दोन तास कमी होतात, रोजा असो वा नसो. त्यामुळे सगळेच एकदम सुटतात आणि रस्ता दुपारीच तुंबतो. पुढे मावळतीच्या आधी जो तो गाडी भरधाव हाकतो, म्हणून स्वयंसेवक सिग्नलपाशी उभे राहून खजूर-पाण्याची पाकिटे वाटतात. भाचाही तेवढा वेळ दुकानात काढतो आणि मग निघतो.

कोणाच्या घरचे माणूस त्या दिवसांत उपचाराला मुंबईला जायचे असेल, तर आधी माझ्याकडे यावे. खाला अजून तिथेच आहेत. फोनवरून त्या वर्षीच्या वेळा मी विचारून देईन, आणि टॅक्सीवाल्याचेही पाहता येईल.